दोन अँप्लिफायर, एक नाद



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संतवाङ्मय, अर्थकारण, इतिहास यांच्या पंगतीत हे गिटारचे अँप्लिफायर कुठून येऊन बसले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मी धंद्याने विजेच्या कामातला माणूस. संगीतात माझा अधिकार कानसेनाचा, त्याहून अधिक नाही. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनाला गेलो होतो. एका तरुणाने रंगमंचावर एकाच गिटारला दोन अँप्लिफायर जोडले होते. दोन्ही चालू करताच सभागृहात एक जाड घरघर सुरू झाली. प्रेक्षक हसू लागले. तेव्हा एका उत्साही मदतनिसाने पक्कड काढली आणि एका अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थची तार तोडून टाकली. घरघर थांबली, टाळ्या पडल्या. मध्यंतरानंतर त्या मुलाने दुसरा अँप्लिफायर काढून ठेवला, कारण पुढच्या गाण्याला तो नको होता. तारांवर हात ठेवून तो गाण्यासाठी मायक्रोफोनजवळ वाकला, ओठ त्याला लागले, आणि तो कोलमडून पडला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून तो वाचला. ओठावरचा भाजल्याचा डाग मात्र बरेच दिवस होता.

घरी येताना माझ्या मनात दोन प्रश्न होते. मदतनिसाचे काय चुकले, हा एक. त्याचे उत्तर मला ठाऊक होते. दुसरा प्रश्न असा, की एका वाद्याला दोन अँप्लिफायर हवेतच कशाला? त्याचे उत्तर मला शोधावे लागले, आणि शोधता शोधता त्यात मी रमलो.

आपल्या सतारीला किंवा तानपुऱ्याला भोपळा असतो. तार नुसती छेडली तर तिचा आवाज क्षीण असतो. भोपळा आणि तबली त्याला आकार देतात. विजेच्या गिटारला असा भोपळा नसतो. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. ही फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेलीच गोष्ट. ती वीज वाढवून स्पीकरचा कागदी पडदा हलवायचा, हे अँप्लिफायरचे काम. म्हणजे या वाद्याचा भोपळा वादकाच्या मांडीवर नसून चार पावले मागे, जमिनीवर ठेवलेला असतो. गिटार आणि अँप्लिफायर ही दोन मिळून एक वाद्य होते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन अंगे सांगतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. पहिली दोन वादकाच्या बोटांत आहेत. तिसरे अंग, म्हणजे नादाची जाती, पुष्कळ अंशी अँप्लिफायरच्या हाती असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो आणि सर्वांत बारीक मोकळ्या तारेचा सुमारे ३३० चा. परंतु त्यांच्यासोबत वाजणारे उपस्वर कित्येक हजार कंपनांपर्यंत चढत जातात. त्यांतले कोणते उचलायचे आणि कोणते दाबायचे, यावर नादाची जाती ठरते.

यासाठी तीन अँप्लिफायरांचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९५२ साली बेसमन नावाचा अँप्लिफायर काढला. तो होता बेस गिटारसाठी, पण साध्या गिटारच्या वादकांनीच तो उचलून धरला. १९५९ च्या सुमाराच्या त्याच्या नमुन्यात दहा-दहा इंची चार स्पीकर होते आणि पेटी मागून उघडी होती. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तिथल्या मंडळींनी त्याच बेसमनची जुळणी समोर ठेवून १९६२ साली आपला अँप्लिफायर तयार केला. जुळणी जवळजवळ तीच, पण ट्रान्सफॉर्मर निराळे, स्पीकर बारा इंची, आणि पेटी मागून बंद. एवढ्या फरकाने नादाची जात बदलली. तो अधिक भरदार आणि आक्रमक झाला. तिसरा व्हॉक्स एसी-३०, केंट परगण्यातल्या डार्टफर्डचा. बीटल्समुळे ज्याचा आवाज जगभर गेला, तो हा. त्याचे व्हॉल्व्ह निराळ्या जातीचे आणि नाद घंटेसारखा चकचकीत. गिटार तीच, हात तोच, आणि नाद तीन.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे कळेल. अँप्लिफायरला त्याच्या शक्तीपलीकडे ढकलले की आवाज फाटतो. विजेची लाट जेवढी उंच जायला हवी तेवढी जाऊ शकत नाही आणि तिचा माथा सपाट कापला जातो. सभेच्या लाउडस्पीकरमध्ये हा दोष. गिटारमध्ये मात्र वादकांनी त्यालाच गुण मानले. माथा कापला की नवे उपस्वर जन्मतात, नाद दाट होतो आणि लांबतो. दम घेतलेल्या गायकासारखा तो टिकतो.

पण या गुणाची किंमत द्यावी लागते. फाटलेल्या अवस्थेत दोन स्वर एकदम वाजवले की त्यांच्या कंपनांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. समजा, षड्ज ११० कंपनांचा आणि पंचम १६५ चा. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. तो मिळून जातो, नाद उलट भक्कम होतो. म्हणून या तऱ्हेच्या संगीतात सा-प ही जोडी इतकी वाजते. आता पंचमाऐवजी गंधार घ्या. गिटारच्या पडद्यांवर तो सुमारे १३८.६ कंपनांचा येतो. वजाबाकी २८.६. ती खालच्या कुठल्याच षड्जाशी नीट जुळत नाही. अशा अनेक न जुळणाऱ्या संख्यांची रांग लागते आणि चार स्वरांची सुरेख जुळणी चिखलासारखी होते. शिवाय माथा सर्वांचाच कापला गेल्याने हलका आघात आणि जोराचा आघात यांतला फरकही बुजतो. भरदारपणा मिळाला, पण स्पष्टता गेली.

दोन अँप्लिफायर जोडण्याचे मर्म येथे आहे. एक फाटू द्यायचा आणि दुसरा स्वच्छ ठेवायचा. फाटलेल्या अँप्लिफायरकडून नादाला अंग मिळते, स्वच्छ अँप्लिफायरकडून रेघ मिळते. बालगंधर्वांच्या नाटकात गळ्यामागे ऑर्गन आणि सारंगी ही दोन्ही असत. ऑर्गनने भराव द्यायचा आणि सारंगीने गळ्याची प्रत्येक वळणवाट दाखवायची. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याचे काम जमले नसते. तसेच हे आहे.

यावर कुणी म्हणेल, की मग एकाच अँप्लिफायरमध्ये दोन्ही आवाज मिसळून का घेऊ नयेत? तसे होत नाही. आमटी आणि भात वेगवेगळे शिजवून ताटात कालवले, तर आमटीची चव राहते आणि भाताचे शीतही राहते. दोन्ही एका पातेल्यात घालून शिजवले तर तिसराच पदार्थ होतो. आधी मिसळून मग फाडणे आणि आधी फाडून मग मिसळणे, यांत हाच फरक आहे. फाटण्याच्या क्रियेत साधी बेरीज चालत नाही. म्हणून दोन्ही नाद आपापल्या ठिकाणी पूर्ण शिजून बाहेर यावे लागतात आणि मिसळावे लागतात शेवटी, हवेत.

दोन अँप्लिफायर म्हणजे दुप्पट मोठा आवाज, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दसपट शक्ती खर्च करावी लागते. दुसऱ्या अँप्लिफायरने आवाज थोडासाच वाढतो. तेवढ्यासाठी कुणी ओझे वाहू नये.

ही कल्पना नवी नाही. १९५९ साली गिब्सन कंपनीने ईएस-३४५ नावाची गिटार काढली. तिच्या दोन चुंबकी वेटोळ्यांचे आवाज दोन वेगळ्या अँप्लिफायरांत धाडण्याची सोय त्या गिटारमध्येच होती. मार्शलच्या जुन्या अँप्लिफायरला दोन वाटा आणि चार तोंडे असत. वादक एक आखूड तार लावून त्या दोन वाटा जोडीत आणि तीक्ष्ण व मंद्र आवाजांचे प्रमाण आपल्या कानाने ठरवीत. जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ साली जेसी-१२० काढला. त्यात एकाच पेटीत साठ-साठ वॉटचे दोन अँप्लिफायर आणि दोन स्पीकर बसवले होते. त्याच्या कोरस या करामतीत एका स्पीकरमधून सरळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून तोच आवाज किंचित उशिरा आणि किंचित झुलत येतो. दोघांचे मिश्रण होते ते ऐकणाऱ्याच्या आणि पेटीच्या मधल्या हवेत. आता तर दोन अँप्लिफायरांचे नाद गणिताने घडवून एका लहानशा पेटीतून देतात. तरीही मिश्रणाचे नियम तेच राहतात.

आता अडचणींकडे वळू. त्या तीन आहेत.

पहिली अडचण उलटसुलटपणाची. जात्यावर दोघी बसतात तेव्हा खुंटा दोघींनी एकाच दिशेला ओढावा लागतो. एक पुढे आणि दुसरी मागे ओढू लागली तर दोघी घामाघूम होतील आणि पीठ पडणार नाही. स्पीकरच्या पडद्यांचेही तसेच. तार हलली की एका अँप्लिफायरचा पडदा पुढे यावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जावा, असे झाले तर हवेचा दाब एकीकडे वाढतो आणि दुसरीकडे घटतो. दोन्ही नाद एकमेकांना खातात. खर्ज सर्वांत आधी नाहीसा होतो. अँप्लिफायर दोन, आणि आवाज एकट्याहून पातळ!

असे का व्हावे? व्हॉल्व्हच्या एकेका टप्प्यातून जाताना विजेची लाट सामान्यतः उलटी होते. एका अँप्लिफायरमध्ये असे टप्पे सम असतील आणि दुसऱ्यात विषम, तर दोघांचे तोंड विरुद्ध दिशांना होते. दोन कंपन्यांचे अँप्लिफायर असतील तर हे घडू शकते, पण कधी एकाच पेटीतही घडते. १९६३ साली आलेल्या फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये नॉर्मल आणि व्हायब्रॅटो अशा दोन वाटा आहेत. व्हायब्रॅटोच्या वाटेत एक टप्पा जास्त आहे. त्यामुळे त्या दोन वाटा परस्परांच्या उलट असतात. मार्शलची आखूड तार येथे लावणारा वादक म्हणूनच बुचकळ्यात पडतो.

याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही अँप्लिफायर शेजारी ठेवावे, आवाज सारखा करावा, समोर उभे राहून जाड तार छेडावी. मग दोन्ही बंद करून एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल कराव्या आणि पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरून येतो ती सुलट. कित्येक दुभाजक पेट्यांवर, म्हणजे गिटारचा एक आवाज दोन वाटांनी धाडणाऱ्या पेट्यांवर, यासाठी बटनच असते.

अंतराचाही यात हात आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक अँप्लिफायर दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटीमीटर मागे सरकला की त्याचा आवाज सेकंदाचा एक हजारावा भाग उशिरा पोचतो. तेवढ्याने ५००, १५००, २५०० या कंपनांचे नाद घटतात आणि १०००, २००० चे वाढतात. फणीच्या दातांसारखा एक सोडून एक भाग कापला जातो. म्हणून दोन्ही पेट्या शेजारी, एका रेषेत ठेवाव्या, निदान सुरुवातीला. पुढे कुणाला ती फणीच आवडली तर तो त्याच्या कानाचा प्रश्न.

दुसरी अडचण जोडणीची. गिटारमधून येणारी वीज फार नाजूक असते. नुसती दोन फाट्यांची तार लावून ती दोन अँप्लिफायरांत वाटली तर वरचे उपस्वर दबतात आणि नाद मातट होतो. आधी त्या विजेला थोडा आधार देणारी दुभाजक पेटी घ्यावी. वाटणी करायची ती अँप्लिफायरच्या आधी, मिसळायचे ते स्पीकरच्या नंतर. मधल्या जागी, म्हणजे दोन अँप्लिफायरांच्या बाहेर पडणाऱ्या तारा एकत्र बांधून एकाच स्पीकरला लावणे, हे कधीही करू नये. एक दुसऱ्याच्या अंगात आपली शक्ती ढकलतो आणि यंत्रे जळतात.

तिसरी अडचण त्या घरघरीची, आणि तिच्यासाठीच मी आज येथे उभा आहे. प्रत्येक अँप्लिफायर तीन पिनांच्या प्लगने जमिनीशी जोडलेला असतो. दोघांना गिटारच्या वायरीनेही जोडले, तर त्या वायरीवरचे जाळीचे वेष्टन दोघांच्या पत्र्यांना एकत्र बांधते. जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटा आणि मधली जाळी मिळून एक मोठे कडे तयार होते. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. तिचे चुंबकत्व त्या कड्यात थोडी वीज फिरवते आणि अँप्लिफायर ती इमाने वाढवून ऐकवतो. हीच ती घरघर. एकेकटे चालवले असता दोन्ही अँप्लिफायर शांत, आणि जोडले की घरघर, असे असेल तर दोष या कड्याचा समजावा.

कडे तोडले की घरघर जाते, हे खरे. पण ते तोडायचे कुठे? मदतनिसाने अर्थची तार तोडली, कारण ती हाताशी होती. त्या क्षणी काही बिघडले नाही. गिटारच्या जाळीतून दुसऱ्या अँप्लिफायरची अर्थ अजून मिळत होती. मध्यंतरानंतर तो दुसरा अँप्लिफायर निघाला आणि उरलेल्याचा जमिनीशी संबंध संपला. त्याच्या पत्र्यावर आत कुठेतरी वीज गळत होती. ती जाळीतून गिटारच्या तारांवर आली, कारण तारा त्या जाळीलाच जोडलेल्या असतात. मायक्रोफोन मात्र दुसऱ्या यंत्रामार्फत जमिनीला जोडलेला होता. मधला दुवा एकच राहिला होता. तो मुलाच्या अंगाने जोडला.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली वेल्समधील स्वॉन्झी येथे रंगमंचावर मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली आपल्या घरीच, नीट अर्थ नसलेल्या सामानावर गिटार वाजवताना गेला. घरात वीज २३० व्होल्टची असते, पण तिचा हृदयातून जाणारा अँपिअरचा काही शतांश एवढा प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच घरी बसवायचा गळती ओळखून वीज तोडणारा स्विच सामान्यतः ३० मिलिअँपिअरला उडेल असा असतो. आणि प्लगची अर्थची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते ती उगाच नव्हे. प्लग घालताना ती आधी भिडते आणि काढताना शेवटी सुटते.

मग उपाय काय? दोन्ही अँप्लिफायर एकाच चांगल्या अर्थच्या बोर्डावर लावावे. तेवढ्याने कडे लहान होते आणि पुष्कळदा घरघर आटोक्यात येते. तरी राहिलीच, तर कडे गिटारच्या वायरीकडे तोडावे. दुभाजकाच्या एका वाटेत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर घालतात. त्याच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो, नाद चुंबकत्वाने पलीकडे जातो, घरघर अलीकडे राहते, आणि दोन्ही प्लगांची अर्थ जागच्या जागी राहते. चांगल्या दुभाजक पेट्यांत हा ट्रान्सफॉर्मर असतो. पेटी घेताना तो आहे का, एवढे विचारावे.

आपण सर्व जण गिटार वाजवणार नाही. पण आपणांपैकी पुष्कळ जण गणेशोत्सवाचे, संमेलनांचे, लग्नकार्यांचे मांडव उभारतात. तिथे सॉकेटात उघड्या तारा खुपसून काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि आपणही पाहिल्या आहेत. पुढच्या वेळी मांडवात घरघर ऐकू आली आणि कुणी पक्कड घेऊन प्लगकडे निघाला, तर त्याचा हात धरा. घरघर ऐकत कार्यक्रम झाला तर चार लोक हसतील, इतकेच.

तो तरुण अजून वाजवतो. मागच्या वर्षी त्याला ऐकले. एक अँप्लिफायर फाटलेला, एक स्वच्छ, दोन्ही शेजारी, खर्ज भरलेला आणि चार स्वरांची जुळणी अगदी निवळ. वाजवण्यापूर्वी त्याने गुडघ्यावर बसून दोन्ही प्लग उलटसुलट करून पाहिले, तीन-तीन पिना मोजल्या, आणि मगच गिटार गळ्यात अडकवली.